गाडी रस्त्यात अडली तर: निघण्यापूर्वी करायची तयारी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: नवी गाडी घेतली आहे, घरातील वयस्कर मंडळी आणि लहान मूल यांना घेऊन लवकरच लांबच्या प्रवासाला निघायचे आहे, आणीबाणीसाठी बाजारात तयार मिळणारी एक पेटी आणून ती डिकीत ठेवली आहे, एवढी तयारी पुरेशी आहे का, आणि नसेल तर आणखी काय करावे?

पेटी आणली हे योग्यच केले, पण ती पुरेशी नाही. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांच्या मदतीला जाणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि माझा अनुभव असा आहे की अडलेल्या माणसाकडे सामान बहुधा असते. मात्र ते कोठे ठेवले आहे, आपल्या गाडीला ते लागू पडते का, आणि अंधारात, पावसात, शेजारून भरधाव वाहने जात असताना ते वापरायचे कसे, हे त्याने आधी कधी पाहिलेले नसते. म्हणून माझा पहिला सल्ला खरेदीचा नाही. प्रवासाच्या आठ-पंधरा दिवस आधी एक सकाळ मोकळी ठेवा, गाडी सपाट आणि टणक जागेवर उभी करा, गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका हाताशी घ्या, आणि एक चाक स्वतःच्या हाताने काढून पुन्हा बसवा. या एका कामातून जेवढ्या उणिवा उघड होतात, तेवढ्या कोणतीही यादी वाचून होत नाहीत.

अगदी सुरुवातीलाच कळेल की गाडीत स्टेपनी आहे की नाही. अनेक नव्या गाड्यांत वजन आणि जागा वाचवण्यासाठी ती दिलेलीच नसते आणि तिच्या जागी टायरमध्ये सोडायच्या सीलंटची, म्हणजे छिद्र बुजवणाऱ्या द्रवाची, बाटली व हवा भरण्याचा छोटा कॉम्प्रेसर असतो. काही गाड्यांत मूळ चाकापेक्षा अरुंद अशी तात्पुरती स्टेपनी मिळते. तिच्यावर वेगाची मर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर, आणि तिच्यात हवा नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे साधारणपणे ६० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) भरावी लागते. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ लोक तिच्यात इतर चाकांइतकीच हवा भरून निश्चिंत होतात. न वापरलेल्या टायरमधील हवाही महिन्याला एक-दोन पीएसआय या गतीने उतरत असते, त्यामुळे वर्षभर ज्या स्टेपनीकडे कोणी पाहिलेले नाही ती गरजेच्या वेळी मऊ निघणे अगदी स्वाभाविक आहे. तिचे वयही पाहून घ्यावे. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवडा दाखवतात आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३५२१ असे असल्यास तो टायर २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. रबर न चालवताही कडक होते आणि त्याला बारीक तडे जातात, म्हणून नक्षी कोरीकरकरीत दिसते एवढ्यावर विश्वास ठेवू नये.

ज्यांच्या गाडीत फक्त सीलंट आहे त्यांनी त्याची मर्यादा आधीच समजून घ्यावी. टायरचा जो भाग जमिनीला टेकतो त्यात खिळा शिरून पडलेले चार-सहा मिलिमीटरपर्यंतचे छिद्र त्याने भरते. टायरची बाजू फाटली असेल, कड रिमपासून सुटली असेल किंवा हवा गेल्यानंतरही गाडी बरेच अंतर रेटली असेल, तर ती बाटली ओतून काहीही साध्य होत नाही. बाटलीवर वापराची मुदत छापलेली असते आणि ती उलटली की आतील द्रव घट्ट होऊन नळीतच अडकतो. वृद्ध आणि लहान मुले बरोबर असताना, आणि वाट लांब व निर्जन असताना, शक्य असल्यास त्याच मापाची स्टेपनी वेगळी विकत घेऊन बरोबर ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. डिकीतील जागा गेल्याची खंत परवडते.

आता चाक काढायला घ्या. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये किंवा स्वयंचलित असल्यास पार्कमध्ये ठेवा, जे चाक उचलायचे त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी अडण लावा, आणि गाडी जमिनीवर असतानाच प्रत्येक नट थोडासा सैल करा. येथेच पहिली अडचण उभी राहते. कार्यशाळेत नट हवेच्या बंदुकीने आवळलेले असतात, आणि गाडीसोबत आलेला पाना इतका आखूड असतो की सामान्य ताकदीच्या माणसाला त्याने नट हलत नाहीत. पान्यावर उभे राहून जोर देणे धोक्याचे आहे, कारण पाना निसटला तर घोटा मोडू शकतो आणि नटाच्या कडा झिजल्या तर तो नट मग कोणत्याच पान्याला दाद देत नाही. त्याऐवजी लांब दांड्याचा, ओढून वाढवता येणारा पाना घेऊन ठेवावा; घरातील सर्वांत कमी ताकदीच्या चालकालाही त्याने नट सोडवता येतो. नट बसवण्याचा योग्य जोर माहितीपुस्तिकेत दिलेला असतो आणि बहुतेक मोटारींसाठी तो ८० ते १४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, असल्यास एकदा त्या जोराने नट आवळून पाहावा, म्हणजे हाताला अंदाज येतो. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. त्यामुळे तेवढ्याच जोरात नट प्रमाणाबाहेर आवळला जातो.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. काही गाड्यांत चोरी टाळण्यासाठी प्रत्येक चाकाचा एक नट वेगळ्या खाचांचा असतो आणि तो फक्त त्याच्या जोडीच्या, अंगठ्याएवढ्या छोट्या सॉकेटने उघडतो. हा सॉकेट सर्व्हिसिंगच्या वेळी बाहेर काढला जातो आणि कधी कधी गाडीत परत ठेवायचा राहून जातो. तो नसेल तर स्टेपनी, जॅक, पाना हे सारे असूनही चाक निघत नाही, आणि मदतीला आलेल्या माणसालाही पुष्कळदा गाडी उचलून नेण्यापलीकडे काही करता येत नाही. चारही चाकांचे नट निरखून पाहा; पाच सारखे आणि एक वेगळा, किंवा तीन सारखे आणि एक वेगळा असे दिसले तर तो सॉकेट आजच शोधा, त्यावरचा क्रमांक लिहून ठेवा, आणि दर सर्व्हिसिंगनंतर तो गाडीत आहे याची खात्री करा.

जॅक कोठे लावायचा हे अंदाजाने ठरवू नये. दरवाजांच्या खालच्या कडेला, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, पत्र्यावर छोट्या खाचा किंवा खुणा असतात आणि त्यांच्या मधल्या पट्टीतच जॅकचे डोके बसवायचे असते. हाताने चाचपून त्या खाचा शोधा, कारण रात्री त्या दिसणार नाहीत, बोटांनाच ओळखाव्या लागतील. हवा गेलेल्या चाकाच्या बाजूने गाडी बरीच खाली बसते, तेव्हा जॅक पूर्ण मिटवून त्या फटीत शिरतो का हेही पाहावे. मऊ मातीत जॅक खाली रुततो, म्हणून जाड लाकडी फळीचा एक तुकडा सोबत ठेवावा. गाडी उचलण्यापूर्वी सर्वांनी बाहेर उतरायचे, आणि उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाऊ द्यायचा नाही. काढलेले चाक काम संपेपर्यंत दरवाजाखालच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवले तर जॅक निसटला तरी गाडी त्याच्यावर टेकते. मिश्रधातूची रिम काही वर्षांनी मधल्या भागाला गंजाने घट्ट चिकटते आणि सर्व नट काढूनही चाक जागचे हलत नाही. हे सरावाच्या सकाळीच कळले तर तारेच्या ब्रशने गंज खरवडून काढता येतो. रस्त्याच्या कडेला जॅकवरची गाडी हलवून चाक सोडवण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो. नवे चाक बसवताना नट क्रमाने न आवळता एकाआड एक, समोरासमोरचे आवळावेत आणि शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावरच द्यावा.

चाकाइतकाच वेळ बॅटरीला द्यावा, कारण ती इशारा देते पण तो सहज दुर्लक्षिला जातो. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरण्याचा आवाज पूर्वीपेक्षा जड येऊ लागला, किंवा त्या क्षणी दिवे ठळकपणे मंदावले, तर बॅटरी तपासण्याची वेळ आलेली असते. साध्या मल्टिमीटरने हे घरी पाहता येते. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण चार्ज आहे, १२.४ च्या आसपास म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, आणि १२ किंवा त्याखाली म्हणजे ती जवळजवळ रिकामी आहे. इंजिन सुरू केल्यावर हाच आकडा बहुधा १३.८ ते १४.७ पर्यंत चढतो. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारे यंत्र, गरजेप्रमाणे विजेचा दाब कमी-जास्त करतो, त्यामुळे तेथे एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. उष्णतेने बॅटरी आतून झिजते आणि ती झीज बहुधा पहिल्या कडक थंडीत उघड होते, कारण गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिनाला मात्र जास्त ताकद लागते. बॅटरीला तीन-चार वर्षे झाली असतील तर लांबच्या प्रवासापूर्वी तिची भाराखालील चाचणी करून घ्यावी, कारण केवळ व्होल्ट चांगले दिसणारी बॅटरीही सेल्फच्या भाराखाली कोसळू शकते.

तयार पेटीतील जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर आपली गाडी सुरू करण्याची तार, मी सर्वांत आधी पाहतो, कारण बहुतेक वेळा तीच सर्वांत निकृष्ट असते. बाहेरचे प्लास्टिक जाड आणि आतील तार बारीक, असा तो प्रकार असतो. अशा केबलमधून सेल्फला लागणारा प्रवाह जात नाही आणि केबल तापते. लहान पेट्रोल इंजिनासाठी तांब्याच्या तारेचा छेद किमान १६ चौरस मिलिमीटर आणि मोठ्या किंवा डिझेल इंजिनासाठी २५ चौरस मिलिमीटर असावा. केबल जोडण्याचा क्रम एका जाड कागदावर लिहून केबलसोबतच ठेवावा: प्रथम लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, मग तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, त्यानंतर काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला, आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असू शकतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीजवळ उडू द्यायची नाही. केबल काढताना क्रम नेमका उलटा ठेवावा. धन आणि ऋण यांची अदलाबदल झाली तर मोठे फ्यूज आणि महागडी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा क्षणात जळू शकते. फुगलेल्या, तडा गेलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीला केबल लावूच नये. हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांतही १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते; ती कोठे आहे आणि त्या गाडीने दुसऱ्या गाडीला आधार देण्याची परवानगी उत्पादकाने दिली आहे का, हे माहितीपुस्तिकेतच पाहावे.

जवळपास दुसरी गाडी नसेल तर उपयोगी पडावा म्हणून लिथियमचा जंप स्टार्टर, म्हणजे गाडी सुरू करून देणारी छोटी सुटी बॅटरी, घेणे उत्तम, पण तो दर तीन महिन्यांनी चार्ज करून ठेवला तरच. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो कधीही ठेवू नये. बंद गाडी उन्हात धोकादायक इतकी तापते आणि लिथियम बॅटरीला ते तापमान सोसत नाही.

बॅटरीच्या संदर्भात एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते, कारण तिचा विचार आधी सहसा कोणी केलेला नसतो. अनेक गाड्यांची डिकी केवळ विजेच्या बटणाने उघडते. बॅटरी पूर्ण उतरली की ते बटण निकामी होते, आणि जंपर केबल, टॉर्च, रस्त्यावर ठेवायचा इशाऱ्याचा त्रिकोण हे सारे आत बंद राहते. म्हणून रिमोटच्या आत दडलेली धातूची चावी बाहेर काढून पाहा, तिने कोणता दरवाजा उघडतो ते शोधा, डिकी आतून उघडण्याचा खटका कोठे आहे ते पाहा, आणि मागची सीट पाडून डिकीपर्यंत हात पोहोचतो का याचा प्रयोग करा. काही गाड्यांत तर बॅटरीच डिकीत असते आणि केबल जोडण्यासाठी बोनेटखाली वेगळी टर्मिनल दिलेली असतात. रिमोटमधला छोटा सेल संपला तर रिमोट स्टार्टच्या बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवून गाडी सुरू करण्याची सोयही बहुतेक बटणवाल्या गाड्यांत असते; ती एकदा करून पाहावी.

या कारणासाठीच सामानाची वाटणी दोन ठिकाणी करावी. परावर्तक जॅकेट, टॉर्च, सीटबेल्ट कापण्याचे आणि काच फोडण्याचे अवजार, आणि अग्निशामक या वस्तू चालकाच्या हाताच्या अंतरावर, आत, आणि घट्ट बसवलेल्या असाव्यात. डिकीत ठेवलेले परावर्तक जॅकेट घालण्यासाठी माणसाला आधी वाहतुकीच्या कडेने मागे जावे लागते, आणि त्याच वेळी त्याच्या अंगावर ते नसते. बाकीचे जड सामान डिकीत, पण बांधून ठेवावे. मोकळा जॅक किंवा सुटा अग्निशामक जोरदार ब्रेक लागताच पुढे भिरकावला जातो. सामानाच्या बॅगा भरतानाही स्टेपनी आणि अवजारे सर्वांत तळाशी गाडली जाणार नाहीत हे पाहावे. निदान कोणती बॅग आधी काढायची हे ठरलेले असावे.

काच फोडण्याच्या अवजाराबद्दल एक सावधगिरी सांगतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये अशा सहा अवजारांची चाचणी घेतली, तेव्हा त्यांपैकी चार अवजारांनी टेंपर्ड (फुटताच बारीक तुकडे होणारी) काच फोडली, पण लॅमिनेटेड (दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली) काच एकालाही फोडता आली नाही. पुढची काच लॅमिनेटेड असतेच, आणि हल्ली बऱ्याच गाड्यांत बाजूच्या काचाही तशा असू लागल्या आहेत. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिचा प्रकार कोरलेला असतो. आपल्या गाडीतील कोणती काच टेंपर्ड आहे हे आज पाहून ठेवावे आणि घरातील सर्वांना तीच दाखवावी. गाडी पाण्यात गेल्यास पहिल्या काही क्षणांतच सीटबेल्ट सोडून खिडकी उघडायची असते. पाण्याच्या दाबाने दरवाजा नंतर उघडत नाही.

आता गाडी खरोखर अडली तर काय, हेही आधीच ठरवून ठेवावे लागते. रस्त्याच्या कडेला अडकलेल्या कुटुंबाला सर्वांत मोठा धोका मागून येणाऱ्या वाहनांचा असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारे वाहन सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते, म्हणजे ५० मीटरवर ठेवलेला त्रिकोण त्याच्या चालकाला दोन सेकंदांचाही अवधी देत नाही. साध्या रस्त्यावर ५० मीटर चालते, पण वेगवान रस्त्यावर १०० मीटर किंवा अधिक अंतर हवे, आणि वळण किंवा चढ असेल तर त्याच्या अलीकडे. अतिवेगवान मार्गांबाबत देशोदेशी नियम वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये तर मोटरवेवर त्रिकोण लावूच नये असे सांगितले जाते, कारण तो ठेवायला चालत जाणेच जास्त धोक्याचे ठरते. ज्या रस्त्यांवर जायचे तेथील नियम आधी पाहून घ्यावा. त्रिकोण ठेवायला जाताना तो उघडून, परावर्तक बाजू येणाऱ्या वाहनांकडे करून हातात धरावा आणि शक्यतो कठड्याच्या आतील बाजूने चालावे. पायांचे वजन कमी असलेला त्रिकोण मोठ्या ट्रकच्या वाऱ्यानेच आडवा होतो, म्हणून निवडताना तो वजनदार आहे का ते पाहावे.

इंजिन बंद पडू लागल्याची चाहूल लागताच इंडिकेटर देऊन गाडी शक्य तेवढी डावी-उजवीकडच्या सुरक्षित कडेला, पुलाच्या किंवा वळणाच्या पलीकडे न्यावी, चारही इंडिकेटर सुरू करावेत, आणि सर्वांनी वाहतुकीच्या विरुद्ध बाजूच्या दरवाजाने उतरावे. कठडा असेल तर त्याच्या पलीकडे, आणि गाडीच्या पुढे उभे न राहता वाहने ज्या दिशेने येतात त्या बाजूला, गाडीपासून काही अंतर मागे थांबावे. कोणी गाडीला धडकले तर ती पुढे ढकलली जाते. वृद्धांना उतरवणे अवघड वाटते म्हणून त्यांना आत बसवून ठेवण्याची चूक अनेकदा होते. म्हणूनच घडीची हलकी बैठक किंवा चादर आणि सर्वांसाठी परावर्तक जॅकेट बरोबर असावे. एकच जॅकेट असलेली पेटी एकट्या चालकासाठी आहे. उतरणे अशक्यच असेल तर सीटबेल्ट लावून बसावे. रस्त्यावर गाडीच्या लगेच मागे किंवा दोन वाहनांच्या मध्ये मात्र क्षणभरही उभे राहू नये.

डॅशबोर्डवरील लाल दिव्यांचा अर्थ निघण्यापूर्वी पाठ असावा. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ असे म्हणू नये. इंजिन लगेच बंद करावे, कारण तेलाविना ते काही मिनिटांत कायमचे निकामी होते. चार्जिंगचा दिवा लागला तर अल्टरनेटरचा पट्टा तुटलेला असू शकतो, आणि अनेक इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवत असतो, म्हणून तापमानाकडे लक्ष ठेवावे. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश जाता येते, पण तो लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नसून धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होत असतो, तेव्हा थांबावे. तापमानाचा काटा चढला तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर ठेवल्याने थोडी उष्णता निघते, तोवर सुरक्षित जागा गाठून इंजिन बंद करावे. काटा चढून अचानक खाली आला तर हायसे वाटू देऊ नये. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, पूर्ण निघून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि चुकीचे कमी तापमान दाखवू शकतो. कूलंटचे झाकण गरम असताना उघडू नये, कारण आतले द्रव दाबाखाली १०० अंश सेल्सिअसच्या वर असूनही उकळलेले नसते आणि झाकण सैल होताच उसळून चेहऱ्यावर येते. निदान अर्धा तास थांबावे, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नये. गाडीला चालणाऱ्या कूलंटची तयार बाटली सोबत असावी.

फ्यूज लहान वस्तू, पण वायपर किंवा पुढचे दिवे त्यांच्यावर अवलंबून असतात. फ्यूजचे डबे किती आणि कोठे आहेत ते पाहून प्रत्येक क्षमतेचे दोन-दोन जादा ठेवावेत. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा असे रंग ठरलेले आहेत. जळलेल्याच्या जागी जास्त क्षमतेचा फ्यूज लावला तर पुढच्या वेळी तार जळते.

टोचन करण्याची वेळ आली तर अडकवायचा हूक बहुधा अवजारांच्या खणात असतो आणि बंपरवरचे छोटे झाकण काढून तो आत फिरवून बसवावा लागतो. बऱ्याच गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, हे टोचनमधल्या चालकाने ध्यानात ठेवावे. स्वयंचलित गिअरची आणि विजेवरची गाडी, जी चाके इंजिन किंवा मोटर फिरवते ती जमिनीवर ठेवून ओढू नये. तिच्यासाठी सपाट ट्रकच मागवावा, आणि मदत मागतानाच गाडीचा प्रकार सांगावा. विजेच्या गाडीच्या मोठ्या बॅटरीतून धूर येऊ लागला तर छोट्या अग्निशामकाने काही होत नाही, सर्वांना घेऊन दूर जावे. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाच्या लहान आगीसाठी एक-दोन किलोचा कोरड्या पावडरचा अग्निशामक चालतो. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात असावा, आणि धूर निघत असलेले बोनेट पूर्ण उघडू नये, कारण आत हवा शिरली की भडका उडतो.

माणसांसाठीची तयारी सोपी आहे, तरी तीच विसरली जाते. प्रत्येकासाठी निदान काही तासांचे पिण्याचे पाणी, पांघरूण, मुलासाठी कपडे आणि खाणे, आणि वृद्धांची रोजची औषधे हाताशी हवीत. औषधे मात्र तापलेल्या गाडीत सोडून जाऊ नये. प्रथमोपचाराच्या डब्यात चिकटपट्ट्यांपेक्षा दाब देऊन रक्तस्राव थांबवता येईल असे मोठे बँडेज आणि हातमोजे जास्त महत्त्वाचे. बर्फात अडकल्यास इंजिन चालू ठेवण्यापूर्वी एक्झॉस्टचे तोंड बर्फाने बुजलेले नाही याची खात्री करावी, नाहीतर रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. टॉर्च डोक्याला बांधायचा घ्यावा, कारण चाक बदलताना दोन्ही हात मोकळे लागतात. भरलेली पॉवर बँक, आणि विमा, रस्त्यावरील मदत व नातेवाईक यांचे क्रमांक लिहिलेला कागदही असावा. मोबाइल बंद पडल्यावर पाठ नसलेला क्रमांक आठवत नाही. मदत मागताना रस्त्याचे नाव, जाण्याची दिशा आणि जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा सांगितला की आम्ही खूप लवकर पोहोचतो. जीएसएम मोबाइल ११२ हा आणीबाणीचा क्रमांक म्हणून ओळखतात, हेही घरातल्या मोठ्या मुलांना ठाऊक असावे.

पेटी उघडून एकदा वस्तू वापरली की ती पुन्हा जागेवर आणण्याचे काम लगेच करावे. चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालल्यानंतर नट पुन्हा तपासून आवळावेत, पंक्चर झालेले चाक पुढच्याच ठिकाणी दुरुस्त करून घ्यावे, कारण तोवर गाडीत स्टेपनी नसते, आणि सीलंट वापरला असेल तर ते दुरुस्त करणाऱ्याला आधी सांगून नवी बाटली घ्यावी. केबल लावून सुरू केलेली गाडी अर्धा तास चालवल्याने बॅटरी पूर्ण भरत नाही. मुक्कामी पोहोचल्यावर ती चार्जरवर लावावी आणि दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी मल्टिमीटरने पुन्हा पाहावी.